साडेसदुसष्टांतील एक टीएमसी

दरवर्षी जुलै लागला की कऱ्हाडपासून सांगलीपर्यंतचा माणूस सकाळी वर्तमानपत्रात आधी कोयनेचा आकडा शोधतो. धरणात आज किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आहे, चोवीस तासांत किती वाढले, नवजाला आणि महाबळेश्वरला किती मिलिमीटर पाऊस झाला, सहा वक्राकार दरवाजे किती फुटांनी उचलले, हे सारे त्याच्या तोंडी असते. १०५.२५ टीएमसी ही धरणाची पूर्ण क्षमता तिकडे शाळेतील मुलालाही ठाऊक असते. त्या आकड्यात पुराची भीती आहे, रब्बीची आशा आहे, टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी आहे आणि संध्याकाळी शहरांत एकदम वाढणाऱ्या मागणीला पुरी पडणारी वीजही आहे. ज्या खोऱ्यात हे पाणी साठते तेथून उठवलेल्या माणसांची मोजणी मात्र आपण इतक्या नेमकेपणाने कधी केली नाही. पाण्याची नोंद दशांश चिन्हापर्यंत ठेवणाऱ्या राज्यात प्रकल्पग्रस्तांची संकलन यादी धरण पूर्ण होऊन अर्धशतक उलटल्यावरही तयार होत राहावी, ही गोष्ट मला केवळ दप्तरदिरंगाई वाटत नाही. आपण त्या माणसांना मुळात काय समजतो, हे त्या अपुऱ्या यादीत दिसते.

आपण त्यांना असे धनको समजतो की ज्यांचे देणे एकदा चुकते केले म्हणजे खाते बंद होते. भरपाईची रक्कम, बदली जमीन, गावठाणातला भूखंड आणि एक दाखला एवढे दिले, किंवा दिले असे कागदावर आले, की शासन मोकळे आणि समाजही मोकळा. ‘प्रकल्पग्रस्त’ हा आपला शब्दच पाहावा. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्या ओळीत तो सहज जाऊन बसतो, जणू धरण हेही आभाळातून कोसळलेले संकट आहे आणि त्यात सापडलेल्यांना मदत करणे हा आपला दयाभाव आहे. वास्तविक धरण हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. त्याचा खर्च आणि लाभ आधी मांडलेला असतो आणि त्या मांडणीत सिमेंट, पोलाद व यंत्रसामग्री यांच्याइतकेच अपरिहार्य भांडवल म्हणजे बुडणारी जमीन असते. हे भांडवल ज्यांनी घातले ते प्रकल्पाचे भागीदार ठरतात, आणि भागीदाराला दरवर्षी नफ्यातला वाटा मिळतो. कोयनेच्या विजेत तेथील विस्थापितांचा कायमचा, मोजता येणारा, हक्काचा वाटा असला पाहिजे, हे या लेखातील माझे म्हणणे आहे.

कोयना महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावते आणि इतर भगिनी नद्यांसारखी लगेच पूर्वेला न वळता सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर दक्षिणेकडे वाहत राहते. हेळवाकजवळ ती काटकोनात पूर्वेला वळते आणि पुढे कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. अभियंत्यांचे लक्ष याच वळणाने वेधून घेतले. वळणाच्या अलीकडे नदी अडवली तर डोंगराच्या पोटातून बोगदा काढून पाणी पश्चिमेला, कोकणात, पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली सोडता येते. असे उतार देशात फार थोड्या ठिकाणी मिळतात. विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांनी याची पाहणी केली होती, पण ती योजना मागे पडली. स्वातंत्र्यानंतर सरकारने ती हाती घेतली आणि १९५६ ते १९६४ या काळात १०३ मीटर उंच व आठशे मीटरहून अधिक लांब अशी रबल काँक्रीटची भिंत उभी राहिली. १९६२ साली पोफळीच्या भूमिगत विद्युतगृहातून वीज वाहू लागली. टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन आज कोयनेची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे. महाराष्ट्राच्या औद्योगिक वाढीत या प्रकल्पाचा वाटा फार मोठा आहे, हे मी कोणतीही कुरकुर न करता मान्य करतो. खरे तर माझा युक्तिवाद त्या मोठेपणावरच उभा आहे, कारण प्रकल्प तोट्यातला असता तर वाटा मागण्याचा प्रश्नच आला नसता.

या भिंतीमागे सुमारे पन्नास किलोमीटर लांब पसरलेला शिवसागर जलाशय पाटण, जावळी आणि महाबळेश्वर या तालुक्यांतील खोऱ्याच्या तळाशी असलेली गावे घेऊन बसला. डोंगरी खोऱ्यात सगळी जमीन सारखी नसते. भात पिकणारी खाचरे नदीकाठी असतात आणि वर उतारावर नाचणी, वरी अशी हलकी पिके निघतात. त्यामुळे पाण्याखाली गेली ती खोऱ्यातील उत्तमोत्तम जमीन, आणि वर राहिले ते खडक, रान आणि कडे. तेथील घरे पूर्वीपासूनच निम्मी मुंबईवर अवलंबून होती. घरटी एखादा पुरुष गिरणीत किंवा गोदीत असायचा, त्याची मनिऑर्डर यायची आणि भाताच्या लावणीला तो गावी परतायचा. जमीन थोडी होती, पण परतण्याची जागा होती. विस्थापनाने काय गेले याचा हिशेब मांडताना आपण एकर आणि रुपये मोजतो, मुंबईतून परत येण्याची ही सोय मोजत नाही. गिरण्या बंद पडल्यावर ज्यांच्यामागे गावची खाचरे होती आणि ज्यांच्यामागे केवळ पाणी होते, त्या दोन कामगारांची अवस्था सारखी असणे शक्य नव्हते.

धरणाच्या कामावरची माणसे विस्थापनाच्या चर्चेत बहुतेक वेळा गैरहजर असतात, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. आपल्या मनात विस्थापित म्हणजे बोचके घेऊन निघालेला आणि धरणाच्या विरोधात उभा राहिलेला माणूस असतो. डोंगरातल्या धरणावर प्रत्यक्षात घडते ते अधिक गुंतागुंतीचे असते. काम आठ-दहा वर्षे चालते. एकाएकी रस्ता येतो, मालमोटारी येतात, वसाहत उभी राहते, दवाखाना, शाळा, बाजार आणि विजेचे दिवे येतात. ज्या खोऱ्यात तोवर रॉकेलची चिमणी होती, तेथील अनेकांनी विजेचा दिवा पहिल्यांदा पाहिला तो या वसाहतीत. मुकादम मस्टरवर नाव चढवतो आणि आठवड्याला रोख मजुरी हातात पडते. ज्याचे शेत दोन-चार वर्षांनी बुडणार आहे तोच माणूस त्या शेताला बुडवणाऱ्या भिंतीसाठी दगड वाहतो, आणि ते वाहताना त्याच्या डोक्यात सूडही नसतो आणि हताशपणाही नसतो. धरण झाले की येथे कायमची नोकरी मिळेल, मुलगा शिकून विद्युतगृहात लागेल, आता मुंबईला जावे लागणार नाही, घरात दिवा येईल, अशी त्याची साधी आणि रास्त अपेक्षा असते. धरण हे त्याचेही स्वप्न असते. विस्थापितांना विकासविरोधी ठरवणारे लोक ही गोष्ट सोयीने विसरतात, आणि त्यांच्या बाजूने बोलणारे आपल्यासारखे लोकही त्यांच्या वाट्याला केवळ दुःख देऊन ती पुसून टाकतात.

काम संपते तेव्हा हे स्वप्न कसे मोडते हेही पाहिले पाहिजे. बांधकामाला हजारो हात लागतात, पण चालू धरणाला फार थोडे लागतात आणि तेही प्रशिक्षित. मस्टर बंद होते. दगड फोडणारे वडार आणि बोगद्यात राबणारे मजूर पुढच्या धरणावर जातात, कारण त्यांचे जगणेच एका धरणावरून दुसऱ्या धरणावर सरकण्याचे असते. स्थानिक माणूस मात्र मागे राहतो. त्याच्याजवळ आता शेतही नसते आणि कामही नसते. रोख मिळालेली भरपाई तोवर लग्नकार्यात, आजारपणात आणि नव्या घराच्या पायात गेलेली असते, आणि त्यात त्याचा दोष काढणे मला अन्यायाचे वाटते, कारण ज्याने आयुष्यात कधी बँक पाहिली नाही त्याच्या हातात शेताऐवजी नोटा ठेवण्याचा निर्णय त्याचा नव्हता. मग तो त्याच मुंबईची वाट धरतो जिच्यातून सुटण्याची आशा धरणाने त्याला दाखवली होती. मुंबईच्या आणि पुढे नवी मुंबईच्या बाजारात पाठीवर गोणी वाहणाऱ्या माथाडी कामगारांत पाटण आणि जावळी या तालुक्यांतील माणसे एवढ्या संख्येने का आढळतात, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग शिवसागराच्या तळाशी आहे.

पुनर्वसन कोठे झाले? ज्यांचे झाले त्यांना ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशा एकमेकांपासून दूरच्या जिल्ह्यांत जमिनी दाखवण्यात आल्या. वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पावसात भात लावणाऱ्या कुटुंबाला सोलापूरच्या कोरड्या माळावर नेणे म्हणजे त्याच्या हातातील सगळे शेतीचे ज्ञान एका दिवसात निरुपयोगी करणे होय. कधी लावायचे, किती खोल नांगरायचे, कोणता ढग पाऊस देतो आणि कोणता देत नाही, हे सारे त्याला चाळिशीत पुन्हा शिकावे लागले. भावकी फुटली. एक भाऊ भिवंडीकडे, दुसरा सांगलीकडे, आणि ग्रामदैवत कोणी न्यायचे यावरून दोघांत अबोला, अशा कथा या लोकांत घरोघरी सांगितल्या जातात. पनवेल तालुक्यात कोयनावेळे नावाचे गाव आहे. तेथून जाणाऱ्या किती जणांना त्या नावातील नदी सह्याद्रीपलीकडे सातारा जिल्ह्यातली आहे हे जाणवत असेल?

सगळेच लांब गेले नाहीत. पुष्कळजण पाणी चढू लागले तसे वर सरकले आणि जलाशयाच्या काठावर, डोंगराच्या उतारावर नवी वस्ती करून राहिले. कांदाटी खोऱ्यातील गावे अशीच पाण्यापलीकडे पडली. पूर्वी ज्या गावाला चालत जाता येत होते तेथे जायला आता लाँच किंवा तराफा लागतो. बाळंतपण, साप चावणे किंवा रात्रीचे आजारपण यांपैकी काहीही झाले तरी आधी पाणी ओलांडायचे, मग तापोळा किंवा बामणोली गाठायची आणि तेथून पुढे साताऱ्याची वाट. पर्यटकांना हा लाँचचा प्रवास रम्य वाटतो, आणि तो रम्य आहेही, पण ज्याला रोज त्यातूनच शाळेत किंवा दवाखान्यात जायचे आहे त्याच्यासाठी ते पाणी म्हणजे कुंपण आहे. काठावरच्या डोंगरवाड्यांना उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी पायपीट करावी लागते आणि खाली समोर अथांग जलाशय पसरलेला असतो. १९८५ साली कोयना अभयारण्य जाहीर झाले, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला, आणि धरणाने वर ढकललेली ही माणसे आता जंगलातील अडथळा ठरली. काही गावांना दुसऱ्यांदा उठावे लागले. जंगल राखले पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही, परंतु एकाच कुटुंबाने विजेसाठी एकदा आणि वाघासाठी पुन्हा एकदा घर सोडावे, आणि दोन्ही वेळा त्याला अतिक्रमण करणाऱ्यासारखे वागवले जावे, हे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही. मधल्या काळात, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, भूकंपही याच खोऱ्याने सोसला. त्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. जलाशयातील पाण्याचा आणि भूकंपांचा संबंध जगभरच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाला, पण भेगा पडलेल्या घरांत पुन्हा राहायला गेलेल्यांना त्या अभ्यासातून काही मिळण्यासारखे नव्हते.

या सगळ्याला कायद्याचे बळ नव्हते, असे सांगितले जाते, आणि ते खरे आहे. कोयनेच्या वेळी लागू होता तो १८९४ चा भूसंपादन कायदा. त्याला जमीन दिसत होती, माणूस दिसत नव्हता. ज्याचे नाव दप्तरात आहे त्याला बाजारभावाने पैसे द्यायचे, एवढेच तो जाणत होता. कूळकायद्याने कसणाऱ्याला मालक करण्याचा दिवस ठरवला तो १ एप्रिल १९५७, आणि कोयनेचे काम सुरू झाले होते त्याच्या आदल्या वर्षी. मालकी मिळण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या कुळाची जमीन अशा वेळी पाण्याखाली जाणार असेल, तर पैसे कोणाच्या नावे निघतील, याचा अंदाज करणे कठीण नाही. महाराष्ट्राने प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला तो १९७६ साली, आणि देशात अशा प्रकारचा पहिला कायदा म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो. तो पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये सुधारून आला. लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांकडून जमीन घेऊन ती बुडीत क्षेत्रातील लोकांना द्यायची, हे त्यामागचे तत्त्व न्याय्य होते. परंतु त्यातही भरपाईच्या ६५ टक्के रक्कम आधी भरली तरच जमिनीचा हक्क, दिलेली जमीन भोगवटादार वर्ग २ ची (म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी), एका कुटुंबाला एकच प्रकल्पग्रस्त दाखला आणि त्या दाखल्यावर सरकारी नोकरीतल्या ५ टक्के समांतर आरक्षणाची आशा, अशी ती वाट होती. एका दाखल्यावर तीन भाऊ, त्यांची मुले आणि आता नातवंडे हक्क सांगतात, तेव्हा सरकारने दिलेला कागदच घरातील भांडणाचे कारण होतो.

येथे मुळशीची आठवण करणे भाग आहे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी ‘जान किंवा जमीन’ म्हणत सत्याग्रह केला. देशातील धरणविरोधी लढ्यांत तो अगदी आरंभीचा. तो अयशस्वी झाला, पण अन्याय कोणी केला याबद्दल कोणाच्या मनात संभ्रम नव्हता. सरकार परके होते आणि धरण खासगी कंपनीचे होते. पस्तीस वर्षांनी कोयनेच्या खोऱ्यातील लोकांपुढे आलेले सरकार आपले होते आणि धरण राष्ट्राचे होते. आपल्या सरकारला विरोध कसा करायचा, या संकोचाने अनेकांनी मुकाट्याने घरे सोडली. ज्यांनी विश्वासाने जमीन दिली त्यांना लढून मिळवणाऱ्यांपेक्षा कमी मिळावे, ही माझ्या मते या इतिहासातील सर्वांत बोचणारी बाब आहे. नंतरच्या दशकांत डॉ. भारत पाटणकर यांच्या श्रमिक मुक्ती दलाने या लोकांना संघटित केले, कोयनानगरला पुन्हा पुन्हा ठिय्या दिला, आणि कोयना प्रकल्पग्रस्त हा विषय मंत्रालयाच्या बैठकीत आला तो या चिकाटीमुळे.

या मागण्यांची चर्चा मात्र आजही प्रामुख्याने उरलेल्या देण्यापाशीच थांबते. जमीन द्या, भूखंड द्या, नागरी सुविधा द्या. त्या सर्व मिळाल्याच पाहिजेत, आणि त्यांना एकही दिवस उशीर होऊ नये. पण त्या सगळ्या मिळाल्या तरी हिशेब पुरा होत नाही, कारण त्या एकदाच मिळतात आणि पोफळीची जनित्रे रोज फिरतात. २००८ च्या राष्ट्रीय जलविद्युत धोरणाने हे तत्त्व एका मर्यादेत स्वीकारले आहे. नव्या जलविद्युत प्रकल्पांतून प्रत्येक बाधित कुटुंबाला दहा वर्षे दरमहा १०० युनिट वीज आणि स्थानिक विकासासाठी १ टक्का अतिरिक्त मोफत वीज द्यावी, असे त्यात सांगितले आहे. कोयना त्याआधीची असल्याने या धोरणाबाहेर राहते. ज्यांनी सर्वांत आधी दिले त्यांनाच वगळणारी ही काळाची रेषा कशासाठी राखायची?

ही मागणी परवडणारी आहे का, हे पाहण्यासाठी एक ढोबळ गणित करू. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी. ते पावणेपाचशे मीटर खाली सोडले तर यंत्रांतील घट वजा जाता सव्वातीन कोटी युनिटच्या जवळपास वीज मिळते. कृष्णा पाणी तंटा लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळवायला मान्यता दिलेले पाणी ६७.५ टीएमसी आहे. म्हणजे केवळ या एका उतारावर वर्षाला २०० कोटींहून अधिक युनिट तयार होऊ शकतात. तिसऱ्या टप्प्यात तेच पाणी पुन्हा वापरले जाते आणि धरणाच्या पायथ्याशी वेगळे विद्युतगृह आहे, ते मी सोडून दिले आहे. आता विस्थापित कुटुंबे दहा हजार धरली आणि प्रत्येकाला दरमहा १०० युनिट दिली, तर वर्षाला १ कोटी २० लाख युनिट लागतात. हे अर्ध्या टीएमसीपेक्षाही कमी पाणी झाले. मूळ कुटुंबांतून फुटून निघालेली आजची कुटुंबे तीस हजार धरली तरी लागतात ३ कोटी ६० लाख युनिट, म्हणजे एक टीएमसीहून थोडेसेच अधिक. साडेसदुसष्टांतील एक. ज्यांची खाचरे बुडाली म्हणून हे सगळे पाणी साठू शकले त्यांच्यासाठी शंभरातील दीड भागही काढून ठेवता येत नसेल, तर ‘राष्ट्रासाठी त्याग’ हा शब्द आपण यापुढे त्यांच्यापुढे उच्चारू नये.

या मागणीवर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की किती पिढ्या द्यायचे? साठ वर्षे झाली, ज्यांनी घर सोडले ते बहुतेक गेले, नातवंडांनी ते खोरे पाहिलेलेही नाही. याचे उत्तर सोपे आहे. आजोबांनी घेतलेल्या समभागांचा लाभांश नातवाला मिळतो तेव्हा त्याने कारखाना पाहिला आहे का असे कोणी विचारत नाही. जमीन राहिली असती तर ती वारसाहक्काने नातवाकडे आलीच असती. जमिनीच्या बदल्यात आलेल्या हक्कालाच तेवढी एका पिढीची मुदत घालणे म्हणजे वारसा बुडवणे होय. जोवर जनित्र फिरते तोवर वाटा, ही मुदत मला योग्य वाटते. दुसरा आक्षेप असा की विजेचा दर वाढेल. वरचेच गणित पाहिले तर हा बोजा निर्मितीच्या दीड-पावणेदोन टक्क्यांच्या पलीकडे जात नाही, आणि राज्यभरच्या ग्राहकांत वाटला तर तो जाणवण्याइतकाही उरत नाही. तिसरा आक्षेप मी अधिक गंभीर मानतो. एकदा कोयनेला दिले की राज्यातील प्रत्येक धरणाचे लोक मागतील. होय, मागतील, आणि जेथे धरण वीज विकून उत्पन्न मिळवते तेथे त्यांनी मागावेच. सिंचनाच्या धरणांची गोष्ट वेगळी आहे. तेथे वाटा पाण्यात मागावा लागेल, आणि तो विषय स्वतंत्रपणे मांडण्याइतका मोठा आहे.

सातपुड्यातील उदाहरण येथे उपयोगी पडते. सरदार सरोवर धरणाच्या विस्थापितांसाठी नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ साली जमिनीला जमीन, प्रत्येक कुटुंबाला किमान दोन हेक्टर, सज्ञान मुलगा हे वेगळे कुटुंब आणि बुडण्याआधी पुनर्वसन, असे त्या काळातील सर्वांत चांगले नियम घालून दिले. (सज्ञान मुलगी वेगळे कुटुंब का नाही, हे कोणाला त्या वेळी सुचले नाही.) नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ आदिवासी गावांना या नियमांचा लाभ मिळवण्यासाठीही नर्मदा बचाव आंदोलनाबरोबर वर्षानुवर्षे झगडावे लागले. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे. हा वाटा राज्याला मिळाला त्यामागे या ३३ गावांची जमीन आहे, पण त्या २७ टक्क्यांतील एक युनिटही त्यांच्या नावे लिहिलेले नाही. राज्य राज्याकडून वाटा मागते, लवादापुढे वर्षानुवर्षे भांडते, टक्क्याच्या अंशासाठी वकील उभे करते. बुडीताच्या बदल्यात उत्पन्नात वाटा हे तत्त्व म्हणजे आपल्याला परके नाही. आपण ते राज्याच्या सीमेपर्यंत लावतो आणि गावाच्या वेशीवर थांबवतो.

हा विषय जुन्या जखमांपुरता राहिलेला नाही. सौर आणि पवन ऊर्जा वाढत आहे आणि ती साठवण्यासाठी सह्याद्रीच्या कड्यांवर उदंचन प्रकल्प येऊ घातले आहेत. २०२३ साली राज्य सरकारने टाटा पॉवरशी शिरवटा येथे १,८०० आणि भिवपुरी येथे १,००० मेगावॅटच्या अशा प्रकल्पांसाठी करार केला. वर एक जलाशय आणि खाली एक जलाशय, दिवसा पाणी वर चढवायचे आणि मागणीच्या वेळी खाली सोडायचे. या पद्धतीला बुडीत क्षेत्र तुलनेने कमी लागते, आणि ही तिची जमेची बाजू आहे. पण कड्यावरच्या धनगरवाड्याला आणि पायथ्याच्या ठाकरवाडीला कमी बुडीत म्हणजे काय? त्यांची वस्ती पूर्णच जाते. त्यांच्याशी बोलणी करण्याची वेळ प्रकल्प उभा राहण्याआधीची आहे, आणि उत्पन्नातील वाटा हा त्या करारातच लिहून घेण्याचा मुद्दा आहे. साठ वर्षांनी ठिय्या देऊन मागण्याची पाळी त्यांच्यावर आणू नये.

कोयनेपुरते बोलायचे तर यासाठी नवे महामंडळ नको आणि नवा कायदाही नको. राज्यातील जलविद्युत प्रकल्प जलसंपदा विभागाच्या मालकीचे आहेत आणि महानिर्मिती ही राज्याची वीजनिर्मिती कंपनी ते भाडेपट्ट्याने चालवते. हे भाडे वीज नियामक आयोगापुढे तपासले जाते आणि विजेच्या दरात धरले जाते. त्या भाड्यात विस्थापितांच्या वाट्याची एक ओळ घालता येते. ज्यांच्या घरी महावितरणचे मीटर आहे त्यांच्या बिलातून १०० युनिट थेट वजा व्हावीत. मुंबईत दुसऱ्याच्या खोलीत राहणाऱ्या माथाडी कामगाराच्या नावे मीटर नसते, आणि मुंबई बेटावर वीज महावितरण नव्हे तर वेगळ्या संस्था देतात, म्हणून त्याला तेवढ्या युनिटची रक्कम खात्यात मिळावी. ती घरातील स्त्रीच्या आणि पुरुषाच्या संयुक्त नावे असावी. काठावरील आणि पाण्यापलीकडील गावांना यापलीकडे रात्रीही चालणारी जलरुग्णवाहिका आणि जलाशयातून उपसा करून पिण्याचे पाणी, या दोन गोष्टी आधी मिळाव्यात.

आणि या सर्वांच्या आधी यादी. ती साताऱ्याच्या कचेरीत बसून पुरी होणार नाही. जुनी संकलन रजिस्टरे, भूसंपादनाचे निवाडे आणि बुडालेल्या गावांचे सातबारे घेऊन अधिकाऱ्यांनी कांदाटी खोऱ्यात जावे, पाटणच्या वाड्यांवर जावे, भिवंडीकडे, पनवेलकडे, सोलापूरच्या माळावर जावे. प्रत्येक ठिकाणी ग्रामसभा बोलवावी आणि बुडालेल्या गावाचे नाव पुकारून एकेक खाते मोठ्याने वाचावे. ज्यांचे नाव गळाले आहे ते सांगणारी म्हातारी माणसे अजून काही ठिकाणी आहेत. कोणते खाचर कोणाचे होते, कूळ कोण होते, कोण भिंतीच्या कामावर गेला आणि परत आला नाही, हे त्यांना आठवते. दर पावसाळ्यात अशी माणसे कमी होत चालली आहेत, त्यामुळे हे वाचन याच वर्षी सुरू झाले पाहिजे.